कोरडी राहिली तर

सोलापूर

कुर्डुवाडी आणि मोडनिंब ही काही मुद्दाम उठून बघायला जावं अशी गावं नाहीत. एक रेल्वेचं जंक्शन, दुसरं हायवेवरचं बाजाराचं गाव. आमच्या कारखान्यातली माणसं रजा काढून गोव्याला जातात. गेल्या वर्षी एक जण दुबईला जाऊन आला आणि महिनाभर त्यानं आमचं डोकं उठवलं. मी जानेवारीत चार दिवसांची रजा टाकली आणि शंभर किलोमीटरच्या आतच फिरून आलो. तरीही लिहायला बसलोय. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना यातलं निम्मं माहीत असेल. ज्यांच्या घरी नाही त्यांनी एकदा वाचावं, आणि पुढच्या वेळी स्टँडवर एखादं मोठं मूल कपडे खराब करून उभं दिसलं तर टक लावून बघू नये, एवढीच विनंती.

माझी मुलगी ईश्वरी दहा वर्षांची आहे. तिला ऑटिझम आहे. उंचीला ती आईच्या खांद्याला लागते आणि बोलते फार थोडं. जे बोलते ते आमचंच असतं. आम्ही एखादं वाक्य ज्या सुरात बोललो त्याच सुरात ती ते जपून ठेवते आणि केव्हातरी बाहेर काढते. घरी पाहुणे आले की ती ‘या, बसा, पाणी घेणार का?’ म्हणते. पाहुणे खूश होतात. मला ‘अप्पा’ आणि आईला ‘अव्वा’ म्हणते, तेही तिच्या मनात आलं तर. एवढंच असतं तर आम्ही हसतखेळत निभावलं असतं. पण गेली दोन वर्षं ती कपड्यात शी करते. दिवसातून तीनदा, चारदा, थोडी थोडी, पातळ. आधी असं नव्हतं. सहाव्या वर्षी महानंदानं, माझ्या बायकोनं, चार महिने खपून तिला संडासला बसायला शिकवलं होतं. ते सगळं पाण्यात गेलं.

डॉक्टरांना दाखवलं नाही असं नाही. दाखवलं. पण ऑटिझम हा शब्द ऐकला की समोरच्या माणसाची मान आपोआप हलते. ‘अशा मुलांचं असंच असतं हो, सवय लावत राहा,’ असं दोन ठिकाणी ऐकलं आणि तिसरीकडे गेलो नाही. त्यात महानंदाच्या कमरेचा मणका सरकला. दहा वर्षांच्या मुलीला दिवसातून चारदा उचलून धुवायचं म्हटल्यावर कुणाची कंबर टिकणार? वाकायचं नाही, उचलायचं नाही, असं तिला बजावून सांगितलंय. बजावणारे सांगून मोकळे होतात. मी दिवसभर कारखान्यात, घरात ह्या दोघी.

मी टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे. टेबलावर टॉवेल पसरायचा, उजेडात बघायचा, तुटलेला धागा, डाग, सुटलेला काठ दिसला की खडूनं खूण करायची आणि सेकंडच्या गठ्ठ्यात टाकायचा. वीस वर्षं हेच केल्यावर डोळ्यांना दोषाशिवाय दुसरं काही दिसेनासं होतं. सेकंडचे टॉवेल कामगारांना मिळतात, त्यामुळे आमच्या घरात टॉवेलांची ददात नाही. ईश्वरीच्या अंथरुणावर टॉवेल, खुर्चीवर टॉवेल, रिक्षाच्या सीटवर टॉवेल. एकदा तिच्याकडे बघताना ‘सेकंड’ हाच शब्द माझ्या मनात आला होता. तो मी कुणाला सांगितला नाही, आज इथे लिहितोय.

मोडनिंबपासून थोडं आत अशा मुलींसाठी राहण्याची शाळा आहे. नाव लिहीत नाही, कारण त्यांची काही चूक नाही. तिथला एक बेड रिकामा झाल्याचं कळलं आणि आमच्या घरात दोन वर्षांनी कुणीतरी मोठ्यानं हसलं. फॉर्मवर एक प्रश्न होता: शौचाची स्वतंत्र सवय आहे का? मी पेन हातात धरून बराच वेळ बसलो आणि ‘होय’ लिहिलं. तिथल्या रेखाताई फोनवर म्हणाल्या, “दोन रात्री ठेवून बघू, दादा. कोरडी राहिली तर घेऊ. आमच्याकडे हात कमी आहेत हो, कपडे खराब करणारी मुलगी नाही झेपत.”

मी तयारीला लागलो. पातळ होतंय म्हणजे पोट बिघडलंय, आणि बिघडलेलं पोट बांधायचं, एवढं वैद्यक आमच्या घरात सगळ्यांना येतं. माझी आईही हेच करायची. आठ दिवस आधी दूध बंद, ताक बंद, पालेभाजी बंद. भात, केळं, ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. दुपारी चारनंतर पाण्याचा तांब्या वरच्या फळीवर. शिवाय मेडिकलमधून जुलाब थांबायची गोळी आणली, ती रोज सकाळी अर्धी. महानंदा मधूनच म्हणायची, “लई तहानलीय ओ पोरगी, घोटभर देऊ का?” मी म्हणायचो, “दोन रात्रींचा प्रश्न आहे. पुढं आयुष्यभर पाणी पिऊ दे.” मला वाटत होतं मी फार हुशारी करतोय.

कुर्डुवाडीपर्यंत

लोकांना जिल्ह्याचा नकाशा देवळांवरून पाठ असतो, मला संडासांवरून आहे. कुठल्या पेट्रोल पंपावर पाणी असतं, कुठल्या ढाब्याच्या मागच्या दाराला कडी नाही, कुठल्या स्टँडवर नाक धरूनही जाता येत नाही, हे मी झोपेत सांगेन. एसटीत संडास नसतो म्हणून मी रेल्वे धरली. कुर्डुवाडीला माझी थोरली बहीण आक्का राहते. एक दिवस तिच्याकडे थांबायचं, दुसऱ्या दिवशी मोडनिंब, असं ठरलं. बॅगेत अकरा टॉवेल, ईश्वरीचे नऊ जोड आणि माझे दोन. स्टेशनवर सोडायला महानंदा आली नाही. ती दारातूनच आत वळली. तिला वर बघायचं नव्हतं आणि मलाही.

थंडीचे दिवस होते. पाकणीच्या पुढे दोन्ही बाजूंना ज्वारी डोक्याएवढी उभी होती, कणसं भरत आलेली, आणि मधूनमधून करडईचे पिवळे पट्टे. ईश्वरी खिडकीच्या गजाला कपाळ टेकवून बघत होती. गाडीत ती नेहमी खूश असते. समोरच्या बाकावर मोहोळला चढलेल्या दोघी बायका होत्या. संक्रांत नुकतीच झालेली. त्यातल्या एकीनं डबा उघडला, ईश्वरीच्या हातावर तिळाची वडी ठेवली आणि म्हणाली, “घे बाय, ग्वाड बोल.” ईश्वरी म्हणाली, “या, बसा, पाणी घेणार का?” दोघी पोट धरून हसल्या. नाव काय, कितवीत आहे, एकुलती एक का, सगळं विचारून झालं. मी ‘चौथीत’ म्हणून सांगितलं. खोटं बोलायची एकदा सवय लागली की जीभ अडखळत नाही.

माढ्याच्या पुढे वास आला.

मला तो सगळ्यांच्या आधी येतो. मी उगाच खिडकी पूर्ण वर केली, जणू खिडकीनं काही होणार होतं. बाईंनी पदर नाकाला लावला. मग दुसरीनं. दोघी डबा, पिशव्या उचलून पलीकडच्या बाकावर गेल्या. मी त्यांना दोष देत नाही. ईश्वरी मात्र त्यांच्याकडे वळून वळून बघत राहिली. गाडीच्या संडासात ती जात नाही, तिथला धडधड आवाज तिला सहन होत नाही. तिथं तिला ओढत न्यायचा प्रयत्न मी पूर्वी केलाय, तो इथे सांगण्यासारखा नाही.

कुर्डुवाडीला उतरलो. आता बापानं दहा वर्षांच्या मुलीला कुठल्या दारानं आत न्यायचं? पुरुषांच्या बाजूला नेलं तर तिथली माणसं बघतात. बायकांच्या बाजूला मी गेलो तर मार खाईन. एका कॉलेजच्या मुलीला हात जोडून सांगितलं, जरा हिला आत घेऊन जा. ती बिचारी तयार झाली, पण तिनं हात धरताच ईश्वरीनं जी किंकाळी फोडली त्यानं सगळा प्लॅटफॉर्म वळून बघायला लागला. तेवढ्यात सलवारीच्या पायातून एक ओघळ खाली आला. आणि मी तिच्या थोबाडीत मारली. सगळ्यांच्या देखत. “कितीदा सांगायचं तुला? कितीदा सांगायचं?” असं ओरडलोसुद्धा.

ती रडली नाही. तिनं गालाला हात लावला आणि त्याच सुरात, माझ्याच आवाजात म्हणाली, “कितीदा सांगायचं तुला?”

झाडू घेऊन एक सफाईवाल्या मावशी लांबून हे बघत होत्या. त्या जवळ आल्या. मला वाटलं आता शिव्या देणार. त्यांनी बायकांच्या दारात झाडू आडवा धरला आणि म्हणाल्या, “जावा तुमी आत पोरीला घिऊन. मी हितं उभी हाय. बगते कोण काय म्हणतंय ते.” दोन बायका आल्या, त्यांना त्यांनी बाहेरच थांबवलं. आत मी ईश्वरीला धुतलं, कपडे बदलले. पाणी बर्फासारखं गार होतं आणि ती दात वाजवत उभी होती. बाहेर आल्यावर मावशींनी तिच्या फ्रॉकच्या पुढच्या बाजूकडे बघितलं.

“प्वाट लई फुगलंय की हिचं. साफ होतंय न्हवं रोज?”

“रोज? दिवसात चार येळा होतंय,” मी जरा चिडूनच म्हणालो.

“व्हय का? मग बरं,” म्हणून त्या आपल्या कामाला गेल्या.

आक्काचं घर

आक्का दहा वर्षांनी मोठी. आमच्या आईच्या मागं तिनंच मला वाढवलं. दाजी रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत आणि आता घरातल्या घरात काही ना काही दुरुस्त करत असतात. घरात शिरताच हुग्गीचा वास आला. गव्हाची, गुळाची, खसखस घातलेली खीर. आमच्या घरात माहेरवाशिणीला करतात तशी हुग्गी आक्कानं भावासाठी केली होती. बरोबर कटाची आमटी, भजी, आणि दाजींनी बाजारातून मुद्दाम आणलेले ओले हरभरे. कुर्डुवाडीत सोलापूरपेक्षा तिखट थोडं कमी खातात असं माझं जुनं मत आहे, त्यावरून दाजींचा आणि माझा दर वेळी वाद होतो. तो ह्याही वेळी झाला, तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

ईश्वरीच्या ताटात मी भात आणि केळं वाढलं. “आगं बाई, पोरीला हुग्गी न्हाई का?” आक्का म्हणाली. मी तयारीचं सांगितलं. तिनं मान डोलावली. “बरोबर हाय. बांदलंच पायजे. घट्ट झालं की आपोआप थांबतंय.” आमच्या दोघांचं शिक्षण एकाच आईजवळ झालेलं.

दुपारी अंथरूण घालताना मी बघितलं. दर वेळी आक्का आम्हाला कपाटातली नवी गादी देते. ह्या वेळी पोटमाळ्यावरची जुनी काढली होती, आणि तिच्यावर चादरीच्या खाली प्लॅस्टिकचा कागद. कागद दिसू नये म्हणून तिनं कडा नीट आत दाबल्या होत्या. तिचं काही चुकलं नाही, मीही तेच केलं असतं. पण मी दोष शोधायला शिकलेला माणूस, मला दिसलंच. झोपल्यावर कूस बदलली की कागद वाजायचा.

चारच्या चहाला शेजारच्या दोघी-तिघी आल्या. ईश्वरी उठली आणि दाराच्या मागं गेली. आक्का टाळ्या वाजवत म्हणाली, “आली बगा आमची नाचणारीन! नाच की गं, ईश्वरी!”

हा नाच आमच्या सगळ्या नात्यागोत्यात प्रसिद्ध आहे. ईश्वरी दाराआड, कोपऱ्यात भिंतीला धरून उभी राहते. टाचा वर, चवड्यांवर सगळा भार, पाय ताठ, एकमेकांना चिकटवलेले. मग कंबर मागंपुढं हलवते. चेहरा लाल होतो, नजर लांब कुठंतरी लागते. कुणाशी न बोलणारी मुलगी असं काही करायला लागली तेव्हा आम्हाला केवढा आनंद झाला होता. महानंदा मोबाईलवर गाणं लावायची आणि ताल धरायची. मी व्हिडिओ काढून घराण्याच्या ग्रुपवर टाकला होता, आणि वर लिहिलं होतं: आमची ईश्वरी नाचते. सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. आक्काच्या घरीही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

मोडनिंब

दुसऱ्या दिवशी सकाळी वडापच्या जीपनं निघालो. जीपमध्ये नऊ जणांच्या जागी चौदा, आणि मांडीवर ईश्वरी. मी सबंध वाट तिच्या पोटाला हात लावून बसलो होतो, काही होतंय का बघत. पोट टणक लागत होतं. मला बरं वाटलं. गोळीनं काम केलं, म्हटलं.

शाळा म्हणजे एका ओळीत पाच-सहा खोल्या, पुढं ओटा, मागं पेरूची आणि शेवग्याची झाडं. वीस-बावीस मुली. मला वाटलं होतं तिथं उदास वाटेल. वाटलं नाही. काही मुली ओट्यावर शेंगा फोडत होत्या, फोडण्यापेक्षा जास्त खात होत्या, आणि त्यांना कुणी ओरडत नव्हतं. एक जाडसर मुलगी सरळ आली, ईश्वरीचा हात धरला आणि तिला स्वतःच्या शेजारी बसवलं. ईश्वरी अनोळखी माणसाला हात लावू देत नाही. तिला दिला. रेखाताई पन्नाशीच्या, केस बारीक कापलेल्या, आवाज खणखणीत. त्यांनी एक नियम सांगितला: जेवण झालं की सगळ्या मुली संडासला बसतात, येवो न येवो, दहा मिनिटं. बाहेर एक ताई गाणी म्हणते. घाई नाही, ओरडा नाही. आमच्या घरी आम्ही ईश्वरीला घड्याळ बघून नेतो आणि दारात उभं राहून “झालं का? झालं का?” करतो. त्या गाण्याच्या आवाजात मी ओट्यावर बसलो होतो तेव्हा वाटलं, हे आपल्याला का सुचलं नाही.

मला पालकांच्या खोलीत राहायचं होतं, मुलींच्या बाजूला जायचं नाही. पहिली रात्र गेली. सकाळी रेखाताई हसत आल्या. “कोरडी आहे हो तुमची मुलगी. काहीच त्रास नाही. फक्त जेवली नाही फारसं.”

मी महानंदाला फोन करून ते सांगितलं. ती म्हणाली, “घेत्यात म्हणजे?” मी म्हणालो, “घेत्यात असं दिसतंय.” त्या दिवशी मी मोडनिंबच्या बाजारात फिरलो. भजी खाल्ली, दाढी करून घेतली, न्हाव्याशी कांद्यावर गप्पा मारल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातांना साबणाचा वास येत नव्हता. मला फार हलकं वाटलं. पोटच्या पोरीला परक्या घरी सोडून बापाला हलकं वाटावं, हे लिहिताना लाज वाटते. पण वाटलं, ते खरं आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी रेखाताई आल्या तेव्हा हसत नव्हत्या.

“तीनदा कपडे खराब झाले. उलटी पण झाली. पोट धरून बसलीये, हात लावू देत नाही.” मग म्हणाल्या, “आणि दर वेळी एकच म्हणत होती. ‘कितीदा सांगायचं तुला? कितीदा सांगायचं?’ हे तिला कोण म्हणतं, दादा?”

“मी,” मी म्हणालो.

दवाखाना

गावातल्या डॉक्टर तरुण होत्या, माझ्या पुतणीएवढ्या. रेखाताई बरोबर आल्या होत्या. ईश्वरीला टेबलावर झोपवायलाच आम्हा तिघांना पंधरा मिनिटं लागली. मी सगळं सांगितलं: दोन वर्षांपासून जुलाब, दिवसात चार वेळा, आता गोळी देतोय, पाणी कमी केलंय.

“शेवटची नीट, घट्ट, भरपूर शी कधी झाली होती?”

“होतीय की रोज.”

“तसं नाही. नेहमीसारखी.”

मला आठवेना. त्यांनी माझा हात धरला आणि ईश्वरीच्या पोटाच्या डाव्या बाजूला खाली ठेवला. “हळू दाबा.” हाताला जे लागलं ते दगडगोट्यांसारखं होतं, एकाखाली एक.

“हे सगळं साठलेलं आहे,” त्या म्हणाल्या. “हे जुलाब नाहीत. आत मळ कडक होऊन अडकून बसलाय. त्याच्या बाजूनं जे पातळ झिरपतंय तेवढंच तुम्हाला दिसतंय. तुम्ही बांधायचं औषध देताय, पाणी तोडलंय, म्हणजे आतलं आणखी कडक होतंय.”

“मग ती सांगत का न्हाई? संडासला बसवलं तर करत न्हाई, आणि कपड्यात...”

“आतडं इतके दिवस ताणलं गेलं की जाणीव जाते. बाहेर येतंय हे तिला कळत नाही. तुम्हाला वास येतो तेव्हा तुम्हाला कळतं ना, तिलाही तेव्हाच कळतं. तिच्या हातात काही नाही त्यात.”

प्लॅटफॉर्मवरची थोबाडीत ही काही पहिली नव्हती.

मग त्यांनी विचारलं, “ती कधी कोपऱ्यात जाऊन, पाय ताठ करून, टाचा उचलून उभी राहते का?”

आणि मी, इतकं सगळं ऐकूनही, मी म्हणालो, “ते व्हय? ते नाचतीय ती.” मी मोबाईल काढला आणि व्हिडिओ लावला. महानंदानं लावलेलं गाणं वाजायला लागलं, टाळ्या, माझं हसणं. डॉक्टरांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “आवाज बंद करा.” मग बिनआवाजाचा व्हिडिओ आम्ही तिघांनी बघितला. लाल झालेला चेहरा, भिंतीला घट्ट धरलेली बोटं, कपाळावरचा घाम. आवाज गेल्यावर त्यात नाच कुठंच नव्हता.

“दुखतंय तिला,” त्या म्हणाल्या. “शी आत ओढून धरतेय. कधीतरी फार दुखलं असणार, त्या भीतीनं सुरू होतं हे. दोन वर्षांपूर्वी काही झालं होतं का?”

झालं होतं. तिला आठ दिवस ताप आला होता. त्यानंतर एकदा संडासात ती गुरासारखी ओरडली होती आणि थोडं रक्त पडलं होतं. महानंदानं तिला तूप दिलं, ती शांत झाली, आम्ही विसरून गेलो. ती विसरली नव्हती. त्यानंतर महिनाभरात तो नाच सुरू झाला, आणि आम्ही गाणं लावलं.

डॉक्टरांनी तिथं जेवढं करता येईल तेवढं केलं. पावडर लिहून दिली, रोज पाण्यातून द्यायची, महिनोन्महिने. पाणी भरपूर, भाज्या, फळं, जेवणानंतर पायाखाली पाट घेऊन बसवायचं. पोट साफ होईपर्यंत आधी आणखी जास्त खराब करेल, म्हणाल्या, तेव्हा घाबरून सोडू नका. आतडं ठिकाणावर यायला सहा महिने लागतील, कदाचित वर्ष. मी ‘वर्ष’ हा शब्द धरून बसलो.

बाहेर बाकावर रेखाताई म्हणाल्या, “फॉर्मवर होय लिहिलं होतंत.”

“हो.”

“‘नाही’ लिहिलं असतंत तर मी आधीच इथं पाठवलं असतं तुम्हाला. आमच्याकडे तिघींचं असंच होतं, दोघी बऱ्या झाल्या.” त्यांना राग आला नव्हता, थकल्या होत्या. “बेड मला वर्षभर रिकामा नाही ठेवता येत, दादा. अजून चार घरं वाट बघतायत. बरी झाली की फोन करा, तेव्हा असेल तर बघू.”

ती जाडसर मुलगी ईश्वरीला सोडायला फाटकापर्यंत आली. ईश्वरीनं तिचा हात सोडला नाही, मला एकेक बोट सोडवावं लागलं. दोन वर्षांत मी ईश्वरीला कुणाजवळ असं राहिलेलं बघितलं नव्हतं.

परत

परतीच्या वाटेचं सांगण्यासारखं काही नाही. अकराच्या अकरा टॉवेल लागले.

घरी महानंदा दारातच उभी होती. मला बघण्याआधी तिनं माझ्या मागं उभ्या असलेल्या ईश्वरीला बघितलं, आणि तिला सगळं कळलं. तिनं ईश्वरीला पाणी दिलं, खायला दिलं, झोपवलं. मग स्वयंपाकघरात ती खुर्चीवर बसली, मी खाली फरशीवर बसलो आणि सुरुवातीपासून सांगितलं. टणक पोट, झिरपणं, जाणीव जाणं, ताप, रक्त. नाचाचंही सांगितलं. खरंतर तेवढं तिला सांगू नये असं वाटेत ठरवलं होतं. पण औषध तिनंच द्यायचं, पाणी तिनंच पाजायचं, मग लपवून कसं चालणार? थोबाडीत मारल्याचंही सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं, मला बोलेल असं वाटलं होतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

“तिला कळतच नव्हतं म्हणजे,” ती म्हणाली.

“न्हाई. कळत नव्हतं.”

“मी तिला कोंडत होते ओ.”

मला आधी समजलंच नाही. “कुटं?”

“न्हाणीत. स्टुलावर बसवून, भायेरनं कडी लावून. मला वाकता येत न्हाई, फरशी पुसता येत न्हाई. तितं असली की दोन बादल्या मारल्या की झालं. ती दार वाजवायची पहिल्यांदा. नंतर न्हाई वाजवायची.”

“किती येळ?”

“दुपारचं जेवान झालं की. तुमी यायच्या येळेपर्यंत.”

कारखाना पाचला सुटतो. घर सायकलवर दहा मिनिटांवर आहे. पण सुटल्यावर मी रोज चौकात मित्रांबरोबर चहाला थांबायचो, आणि घरी पोचायला सहा वाजायचे, कधी साडेसहा.